सीट घरातच राहिली

मित्रांनो, गॅलरीत पाण्याच्या पिंपाला टेकून जी उभी आहे, जिच्या हँडलवर मोजे वाळत घातलेत, ती सायकल मीच. हसू नका. मी डोंगरात चालवायची सायकल आहे. माझी टायरं जाड, पुढच्या चाकाला धक्के सोसायला स्प्रिंगा, आणि गिअर एकवीस. मोजे वाळवायला कोणी एकवीस गिअर लावत नाही.

कारखान्यात माझा सांगाडा जोडणारी बाई मोठी कडक होती. एखादा जोड मनासारखा बसला नाही की म्हणायची, "ही उतारावर मोडली तर माणूस जाईल." आणि पुन्हा पहिल्यापासून जोडायची. माणसाची काळजी घ्यायची हे मी तिथेच शिकले. शिकले, पण पाळलं नाही. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मला विकत घेतलं एका फ्रेमवाल्याने. हा फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देतो. दिवसभर टेबलावर ओणवा होऊन काच कापायचा आणि संध्याकाळी पाठ धरून बसायचा. शेवटी बायको वैतागली. "पाठ पाठ करत कण्हण्यापेक्षा जरा बाहेर हिंडा की!" म्हणून तो दुकानात आला. पण एकट्याने सुरुवात करायचा धीर होईना, तेव्हा साडूलाही भरीस घातलं. एकाच दिवशी आम्ही दोघी आपापल्या घरी आलो. मी निळी, साडूची हिरवी.

साडू म्हणजे फ्रेमवाल्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. फ्रेमवाला त्याला दादा म्हणायचा, मी मनात ड्रायव्हरदादा म्हणायचे. आवाज भोंग्यासारखा, पोट स्टिअरिंगला टेकेल एवढं, आणि अंगात साखर. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "पायांतलं रक्त खेळतं ठेवा. रोज चालवा ते पाय. थंडीत तर एक दिवस चुकवू नका, नाहीतर पाय गमावून बसाल."

गावामागे एक टेकडी आहे. वर पाण्याची टाकी, आणि तिथवर मातीची चढण. उन्हाळ्यात दोघे साडू ती चढण गात गात चढायचे. पण थंडी पडली आणि दोघेही आरंभशूर निघाले. आज धुकं आहे, उद्या घसा धरलाय, परवा पाहुणे आहेत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! दहा दिवस मी जागची हलले नाही.

मग ड्रायव्हरदादाने डोकं लढवलं. अकराव्या दिवशी त्याने फ्रेमवाल्याला ओढूनच बाहेर काढलं. फिरून आल्यावर त्याने माझ्या सीटचा खटका उघडला, सीट दांड्यासकट उपसून घेतली आणि स्वतःच्या घरात ठेवली. हिरवीची सीट फ्रेमवाल्याच्या काखेत दिली.

"आता सकाळी सहाला माझी सीट घेऊन यायचं. तू आला नाहीस तर मी अडकलो. मी दार उघडलं नाही तर तू अडकलास. आणि सीट मागायला कोणी कोणाच्या दारात जायचं नाही. ज्याच्याकडे आहे त्यानेच आणायची!"

"आणि फार थंडी असली तर?"

"तर पहिल्या वळणापर्यंत जायचं. तिथे वाटलं तर परत फिरायचं. बस डेपोतून तर सुटली पाहिजे ना!"

तेव्हापासून आम्हा दोघींच्या रात्री सीटविना जाऊ लागल्या. शेजारच्या आजी हळहळल्या, "अगं बाई, चोरांनी सीटसुद्धा सोडली नाही का?" पण सहाच्या ठोक्याला फ्रेमवाला कानटोपी घालून निघायचा, काखेत साडूची सीट, एका हाताने मला ढकलत. दोन गल्ल्या ओलांडल्या की ड्रायव्हरदादा दारात उभाच. सीटा बसवायच्या, नाक पुसायचं, आणि निघायचं. पहिल्या वळणावर दोघे एकमेकांकडे बघायचे. कोणीही कधी परत फिरलं नाही. तीन हिवाळे असे गेले. फ्रेमवाल्याची पाठ सरळ झाली. ड्रायव्हरदादाची साखर उतरली, आणि डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी टाकीपाशी त्याने माझ्या हँडलवरही थाप मारली होती. केवढी फुगले होते मी!

चौथ्या हिवाळ्यात फ्रेमवाल्याकडे एका नव्या हॉटेलचं काम आलं. शंभरावर चौकटी. तो दमून यायचा. एका सकाळी उठला, खिडकीबाहेर बघितलं, आणि मला चाचपलं. माझ्या मागच्या चाकात बारीक काटा रुतला होता आणि हवा निम्मी उतरली होती. पंप मारला असता तर टाकीपर्यंत सहज गेले असते. पण तो म्हणाला, "चला, आज पंक्चरच आहे," आणि पांघरुणात शिरला.

मित्रांनो, खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. तो गार चिखल, ते साखळीत अडकणारे खडे मलाही नकोच होते. घरात ऊब होती. दुसऱ्या दिवशी मी उरलेली हवाही सोडून दिली. निमित्त हवं होतं त्याला, आणि ते मी पुरवलं.

तो फोन करायचा. "दादा, आज जमत नाही, उद्या नक्की."

"बरं बरं. उद्या ये. मी तयार आहे."

उद्या, परवा, तेरवा. हिरवीची सीट कपाटावर पडून राहिली. एकदा बायको चिडली. "अहो, निदान भाऊजींची सीट तरी नेऊन द्या! दोन गल्ल्या तर जायचंय!"

"नुसती सीट द्यायला काय जाऊ? लाज वाटते. जाईन तेव्हा सायकल घेऊनच जाईन."

त्या लाजेपायी सात आठवडे गेले.

आणि दुसरीकडे काय चाललं होतं, ते आम्हाला नंतर थोरल्या बहिणीने सांगितलं. ड्रायव्हरदादा रोज सहाला कानटोपी घालून तयार व्हायचा. बूट दाराशी काढून ठेवायचा आणि हीटरसमोर पाय धरून बसायचा. ती म्हणायची, "अहो, जाऊन आणा ना ती सीट." हा म्हणायचा, "नियम माझाच आहे. मीच कसा मोडू? येईल तो." साखरेमुळे त्याच्या पावलांना फारसं कळत नसे. एक दिवस उजवा तळवा हीटरला टेकला आणि भाजला, तरी त्याला पत्ता नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम आत गेली होती.

आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल.

फ्रेमवाला दवाखान्यातून आला आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला. "रोज तयार होऊन बसायचे गं ते," तो बायकोला म्हणाला. "रोज! आणि मी उद्या उद्या करत लोळत पडलो." तो हमसून हमसून रडला. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

ड्रायव्हरदादा घरी आल्यावर फ्रेमवाला ती सीट घेऊन गेला. मला ढकलत नेलं होतं, म्हणून मी हे दारातून ऐकलं. फ्रेमवाल्याने मान खाली घालून सीट पुढे केली. ड्रायव्हरदादाच म्हणाला, "अरे, तोंड का पाडतोस? हीटर काय तू लावला होतास?"

"दादा, शिव्या द्या हो मला."

"शिव्या देऊन पाऊल उगवणार आहे का? हिरवी कोणाला तरी देऊन टाक. आणि एक कर. सकाळी सहाला मला जाग येतेच. तेव्हा तू येत जा. नुसता ये."

आता दोन हिवाळे झाले. फ्रेमवाला रोज सहाला जातो, पायी. जखमेची पट्टी बदलतो, त्याला कुबडीवर धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवतो. धुकं असो, घसा धरलेला असो, हॉटेलाचं काम असो, एक दिवस चुकत नाही. ते पाऊल शाबूत होतं तेव्हा तेवढं उठायचं होतं, बस्स.

मला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. माझी साखळी गंजली आहे आणि चाकांत हवा नाही. तुमच्या घरातल्या सायकलीची साखळी पुसा, तिला तेल द्या, हे मी सांगेनच. पण माझं जे झालं ते झालं. मित्रांनो, थंडीत पांघरूण सोडवत नाही, ते काही पाप नाही. फक्त कोणाला "उद्या येतो" म्हणण्याआधी एवढंच आठवा, की तो तुमच्यावर विश्वास ठेवून तयार होऊन बसलेला असतो.