अकरा मिलिमीटरचा फुगवटा

“‘एव्हेन्टुएल’ म्हणजे ‘कदाचित’?” मैत्रीने विचारलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर. कदाचित. दुसरं काय असणार?” तिच्या बॉस फ्राऊ केलर लॅपटॉप मिटत म्हणाल्या.

मीटिंग संपून पाचच मिनिटं झाली होती. पडद्यावरचे अमेरिकन लोक निघून गेले होते आणि जाता जाता मैत्रीने गाडीला दिलेला फुगवटा रद्द करून गेले होते.

मागच्या मीटिंगच्या प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, एक ओळ होती : मागच्या चाकावरचा फुगवटा ‘एव्हेन्टुएल’ राहील. जर्मनीत सात वर्षं काढलेल्या, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झालेल्या मैत्रीने तो शब्द सरळ इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’सारखा वाचला. अखेरीस राहणारच, तर हवेच्या विरोधाचे आकडे काढा कशाला? ती आरशांच्या कामाला लागली. आज अमेरिकेने आकडे मागितले, तेव्हा तिच्याकडे एकही नव्हता.

झिंडेलफिंगेनच्या त्या छोट्या डिझाइन कंपनीत दीड वर्ष ही एकच गाडी चालली होती. साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन स्पोर्ट्स कार नव्या पिढीसाठी नव्याने घडवायची. फर्मान असं, की बघताक्षणी जुनी ओळखू यावी, पण जुनी वाटू नये. हे वाक्य ऐकलं की मैत्रीचं डोकं उठायचं. आधी गोल दिवे गेले, मग लांब नाक आखूड झालं. जुनं म्हणावं असं चाकावरचं अकरा मिलिमीटर तेवढं उरलं होतं, आणि ते तिने जुन्या फोटोंवरून मोजून मोजून बसवलं होतं.

त्यात घरी बाबा. त्यांनी अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं चेपलेले पत्रे सरळ केले होते. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्यापासून रोज संध्याकाळी एकच प्रश्न : फुगवटा राहिला का? वैतागून तिने महिन्यापूर्वी ‘राहिला’ म्हणून टाकलं होतं. त्यांनी ते फोन करकरून अख्ख्या अकोल्याला कळवलं होतं.

हॉलमध्ये गाडीचं पूर्ण आकाराचं तपकिरी मातीचं मॉडेल उभं होतं. फुगवटा खरवडायला आलेल्या कारागिराकडून मैत्रीने पातं मागून घेतलं. हे तिचं काम नव्हतं. त्याने खांदे उडवले आणि तो कॉफी घ्यायला गेला.

संध्याकाळी दारातच, बूट काढायच्या आत, तिने सगळं सांगून टाकलं; ‘कदाचित’सकट. आता अकोल्याला काय तोंड दाखवू, हे ऐकायची तयारी करूनच ती उभी होती.

“काढला कोनं?” बाबांनी विचारलं.

“मीच.”

“एकदम छाटला, का हळूहळू उतरवला?”

“हळूहळू. अर्धा अर्धा मिलिमीटर.”

“मंग कुठं होता, ते समजते का आता?”

“नाही.”

“हात फिरवून पाह्यला?”

“पाहिला, बाबा. नाही समजत.”

“बरा उतरवला मंग,” ते म्हणाले, आणि तिच्या खांद्यावरची बॅग काढून आत घेऊन गेले.

मैत्री नळाखाली हात धरून उभी राहिली. नखांत अडकलेली माती मेणचट होती. नुसत्या पाण्याने निघत नव्हती.