बिनपरवान्याचा हात

दुपारी मावशी आपल्या केस कापायच्या छोट्या दुकानात एका बाईच्या मानेवरचे केस सारखे करत होत्या, तेवढ्यात निरीक्षक दारात येऊन उभे राहिले.

"केस कापायचा परवाना?"

"साहेब, तुमच्या घरच्या इथंच येतात. त्यांना विचारा की!"

साहेब ओशाळले, पण दुकानाला कुलूप लागलंच.

अठ्ठावीस वर्षं मावशींनी या एका खुर्चीवर संसार ओढला होता. नवरा गेल्यावर मुलीला वाढवलं, नर्सिंगला घातलं. आता नियम आला होता: लेखी परीक्षा दिल्याशिवाय कात्री धरायची नाही. नियम करणाऱ्या समितीत निम्मे लोक याच परीक्षेच्या शिकवणी वर्गांचे मालक होते.

मावशी परीक्षेला बसल्या. प्रात्यक्षिकात त्यांचा हात बघून परीक्षकही थबकले. लेखी पेपर मात्र कोरा राहिला. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत होती.

"तोंडी विचारा, सगळं सांगते," त्या विनवत राहिल्या.

"तशी सोय नाही."

मग पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेल्या एकीच्या परवाना असलेल्या पार्लरमध्ये त्या लागल्या. काम केस धुण्याचं, झाडण्याचं. मिळकत निम्म्यावर आली. लेकीचं शिक्षण सुटलं. ती कापडाच्या दुकानात उभी राहू लागली.

एके दिवशी अंथरुणाला खिळलेल्या शाळामास्तरणीचा, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, निरोप आला. मावशी गेल्या. बाईंच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, टाळू सोलवटली होती.

"काप गं, फार आग होते."

"बाई, परवानावाली पाठवते."

"त्या घरी येत नाहीत. आणि मला तुझाच हात हवा."

मावशींचा हात पुढे झाला आणि मागे आला. कुणी तक्रार केली तर दंड, पार्लरमधलं कामही जाईल. त्यांनी नुसतं तेल चोळलं आणि डोळे पुसत घरी आल्या.

चौथ्या दिवशी बाई गेल्या. अंघोळ घालायला मावशींना बोलावलं. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, सगळ्यांसमोर एकेक जट हळुवार सोडवत कापली, मानेवर सरळ रेष आणली. बाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. खोलीतल्या कुणीही त्यांना अडवलं नाही.

घरी येऊन मावशी भिंतीला टेकून बसल्या. "जिवंत होत्या तेव्हा मी भ्याले गं," एवढंच म्हणाल्या.

 लेकीनं कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसली: ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची परीक्षा तोंडी घ्यावी. खाली पहिली सही मावशींनी केली, हळूहळू, एकेक अक्षर जुळवत.