शिशाचे थेंब

कचऱ्याच्या जुन्या डोंगरातून चाळून काढलेली माती दिसायला छान असते, काळीभोर, भुसभुशीत. ती मुलांच्या मैदानात टाकण्याजोगी आहे की नाही, हे ठरवणं तपासनीस बाईचं काम. या वेळचा नमुना ज्या ठेकेदाराचा होता, तो तिचा सख्खा धाकटा दीर. प्रयोगशाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिनेही तोंड उघडलं नाही.

याच दिराने तिच्या नवऱ्याला धुमसत्या कचऱ्यावर चढवलं होतं, नाकाला साधं फडकंही न देता. नवरा तिथेच गुदमरून गेला आणि दिराने पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, दादा पिऊन होता. दारूच्या नुसत्या वासाने ज्याला मळमळायचं, त्या माणसाबद्दल हे! तेव्हापासून ती दिरावर दात धरून होती.

नमुन्याचे दोन भाग झाले. एक सीलबंद होऊन कपाटात गेला, तक्रार आलीच तर उघडायला. दुसरा तिच्या टेबलावर आला. ही माती पास झाली तर? मेला पुन्हा उजळ माथ्याने मिरवणार. यंत्र जुळवायला ठेवलेलं शिशाचं द्रावण तिने उचललं आणि आम्लात विरघळवलेल्या मातीत थोडे थेंब सोडले. तिला बरं वाटलं.

निकालात शिसं भरमसाट आलं. क्रोमियमही मर्यादेच्या तिप्पट, आणि त्याला तर तिने बोटही लावलं नव्हतं. माती मुळातच विषारी होती. ती हाताची घडी घालून बसली असती, तरी दिराचे बारा वाजले असते. पुन्हा तपासण्याइतकी माती शिल्लक होती. पण शिशाचा तो आकडा तिला इतका गोड लागला की तिने अहवाल तसाच पाठवला.

दिराने हरकत घेतली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दोघांसमोर सील फोडलं आणि स्वतः तपासणी केली.

"क्रोमियम जुळतंय," प्रमुख म्हणाले. "पण यात शिसं नावालाही नाही. तुमच्या भागात कुठून आलं, बाई?"



"त्या माझ्या सख्ख्या वहिनी आहेत, साहेब," दीर हळूच म्हणाला. "दादा गेल्यापासून राग आहे त्यांचा माझ्यावर."

तिची नोकरी गेली. दिराच्या वकिलाने सगळी तपासणीच बाद करून घेतली, क्रोमियमसकट. मग दिराने ढिगाच्या चांगल्या कडेची माती दुसऱ्या प्रयोगशाळेत दिली आणि पास करून आणली.

मैदानात त्याच विषारी मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले, तेव्हा ती कुंपणाबाहेर उभी होती. मुलं आत्ताच त्या काळ्या ढिगांवरून घसरायला लागली होती. दीर मुद्दाम तिच्याजवळ आला.

"वहिनी, तुमच्यामुळे वाचलो."

त्याचा गळा आवळावा असं तिला वाटलं. पण या वेळी तो खरं बोलत होता, आणि तेच तिला सोसवेना.