खंड्याची ओळख

“या माणसाला वळखतूस का?” जमादारानं विचारलं.

येडबानं रानात पकडून, बेड्या घालून मेंढवाड्यावर आणलेल्या बन्सीधरकडं पाहिलं. “न्हाई साहेब. आमी रानातली माणसं. मेंढरं सोडून कुनाला वळखावं?”

निजामी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पोलीस आता कम्युनिस्टांच्या मागं लागले होते. सेलूच्या जिनिंगात संप करून फरारी झालेला बन्सीधर बोरीच्या शिवारात येडबाच्या मेंढवाड्यावर लपला होता. लेंड्यांच्या वासानं बेजार व्हायचा, पण बोलायला लागला की गाडी थेट चीनला जाऊन थांबायची. तिथं म्हणे सुरुवातीला मूठभर शिकलेली माणसं चोरून जमली. पोलिसांची चाहूल लागली, तेव्हा तळ्यातल्या नावेत बसून त्यांनी बोलणं पुरं केलं. मग गिरण्या-खाणींतले मजूर आले. शहरात त्यांची कत्तल झाली, तशी उरलेली खेड्यापाड्यांत कुणब्यांकडं गेली, डोंगर तुडवत वर्षभर पायी चालली आणि गेल्या साली राज्य घेऊन बसली.

“गरिबाच्या दाराची फळी निजायला घेतली, तर सकाळी परत बसवून जायचे,” तो सांगायचा.

“आमाला तर दारच न्हाई,” येडबाची बायको म्हाळसाबाई हसायची. “तुमचे चिनी निजतील कशावर?”

दुसऱ्या दिवसापासून बन्सीधर सकाळी घोंगडी झटकून, घडी करून तिच्या हातात देऊ लागला. चीन कुठं आहे हे येडबाला ठाऊक नव्हतं, पण ही घडी त्याला पटली होती.

“सच बोल,” जमादार म्हणाला. “न्हाई तर तुलाबी नेतो.”

“खंडोबाची आन, साहेब.”

 तेवढ्यात खंड्या धावत आला. परक्या माणसाच्या नरड्याला लागणारं ते कुत्रं बन्सीधरच्या पायांशी लोळलं, बेडीतले हात चाटू लागलं. मेंढवाड्याची रीतच तशी. पाहुण्यानं पहिल्या दिवशी आपल्या हातानं कुत्र्याला भाकर घालायची, मग ते त्याच्या वाटेला जात नाही. बन्सीधर भीत होता, तर येडबानंच त्याचा हात धरून ती घालायला लावली होती.

जमादार हसला.

“म्याच टाकली त्याला भाकर, चोरून,” बन्सीधर पहिल्यांदा बोलला. “येता-जाता भुकायचं म्हणून. या धनगराला कायबी ठाऊक न्हाई.” त्यानं येडबाकडं पाहिलंसुद्धा नाही.

जमादाराला हवा तो माणूस मिळाला होता. येडबाच्या पाठीत दोन काठ्या घालून तो बन्सीधरला जिंतूरच्या वाटेनं घेऊन गेला. खंड्या ओढ्यापर्यंत मागं गेला आणि परतला.

“हाण त्या मुडद्याला,” म्हाळसाबाई रडत म्हणाली.

येडबानं काठी उचलली. खंड्या शेपूट हलवत पुढ्यात उभा राहिला. त्या मुक्या जिवाचं काय चुकलं होतं? ज्याची भाकर खाल्ली त्याला त्यानं ओळख दिली होती. येडबा मटकन खाली बसला.

होळीच्या सुमाराला सेलूहून निरोप आला, बन्सीधर तुरुंगातच वारला.

लपायला येणारे पाहुणे पुढंही येत राहिले. येडबा त्यांना पोटभर वाढायचा, पण खंड्याला आधी बाभळीला बांधायचा. एखादा जाणता पाहुणा रिवाजाप्रमाणं भाकरीचा तुकडा घेऊन उठलाच, तर येडबा त्याचा हात धरायचा.

“नगं,” म्हणायचा. “भुकू द्या त्याला.”