तिसऱ्या होलनंतर

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीण चिडली तरी कोणाला पत्ता लागत नसे. खुर्चीतला पेशंट किंचाळो, लाथा झाडो, नाहीतर तिचंच बोट चावो, तिचा आवाज तोच आणि हात तसाच. "बाई बर्फाची आहे," असं पेशंट एकमेकांना सांगत, आणि ते कानावर आलं की ती मनातून सुखावत असे. अशा बाईची अब्रू एका रविवारी सकाळी, क्लबच्या गच्चीवर नाश्ता करत बसलेल्या मंडळींच्या डोळ्यांदेखत, तळ्यात गेली.

क्लबच्या जोड्यांच्या गोल्फ स्पर्धेतला तो शेवटचा सामना होता. एका बाजूला डॉक्टरीण आणि तिची मोठी नणंद, जिला घरीदारी सगळे ताईच म्हणत. दुसऱ्या बाजूला डॉक्टरिणीचा सख्खा नवरा, ज्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, आणि त्याचा जोडीदार, निवृत्त न्यायाधीश. ह्या न्यायाधीशांना क्लबातली पोरंसोरंही जज्जसाहेब म्हणत. नणंद-भावजय एकीकडे आणि नवरा समोर, एवढं कळल्यावर ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीही गच्चीवर खुर्च्या धरल्या होत्या.

खेळ सोपा होता. जोडीला मिळून एकच चेंडू. एक फटका एकीने मारायचा, पुढचा दुसरीने. कमी फटक्यांत ज्यांचा चेंडू भोकात जाईल, ते होल त्यांचं. एका फटक्याने हरा नाहीतर दहाने, गेलं ते एकच होल. अशी नऊ होलं खेळायची आणि ज्यांची जास्त त्यांचा कप.

पहिली दोन बरोबरीत सुटली. तिसऱ्याच्या वाटेत तळं होतं. ताईने पहिला फटका असा मारला की चेंडू तळ्याच्या अलीकडे, गादीवर ठेवल्यासारखा जाऊन बसला. आता डॉक्टरिणीने तो नुसता पलीकडे टाकायचा होता. असा फटका ती झोपेतही मारायची. पण काठी वर गेली, समोर नवरा दिसला आणि तिच्या मनात आलं, हा बघतोय. झालं. चेंडू डुबुक करून पाण्यात.

दंडाचा एक फटका धरून ताईने नवा चेंडू टाकला आणि पलीकडे मारला. तो भोकाभोवतीच्या हिरवळीशेजारी वाळूच्या खड्ड्यात पडला. डॉक्टरीण खड्ड्यात उतरली, तिने दातओठ खाऊन फटका मारला. भरपूर वाळू उडाली, तिच्या केसांत गेली, तोंडात गेली. चेंडू मात्र काठाला आपटून परत आला आणि तिच्या दोन पायांच्या मधोमध येऊन थांबला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका हं," जज्जसाहेब काठावरून अतिशय मायेने म्हणाले. "होतं असं. वयोमानाने होतंच."

ते 'वयोमानाने' ऐकलं आणि डॉक्टरिणीच्या हातातून काठी सुटली. सुटली म्हणजे काय, तिने ती गरगर फिरवून भिरकावलीच. काठी उन्हात चमकत वर गेली, तळ्यावर पोचली आणि दोन बदकांच्या मधून सरळ आत गेली. बदकं ओरडत उडाली. गच्चीवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नवरा आपल्या बुटांकडे बघत उभा होता. त्याचे खांदे गदगदत होते.

"दिलं तुम्हाला हे होल," ताई शांतपणे म्हणाली. तिने चेंडू उचलला, भावजयीच्या केसांतली वाळू झटकली आणि तिला दंडाला धरून चौथ्याकडे चालवत नेलं.

डॉक्टरिणीचं तोंड चालू झालं. "मी मूर्ख आहे. माझा खांदा आधी वळला. नाही, खांदा नाही, पाय. आणि ती बदकं! ताई, लागली नसेल ना त्यांना? आणि सगळ्यांनी बघितलं. उद्या माझ्या खुर्चीत कोण बसेल? म्हणतील, ही बाई हत्यारं फेकते."

ताईची सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये गेली होती. आभाळातल्या विमानांना कोणी कधी उतरायचं ते सांगणं हे तिचं काम. कोणत्याही वादळात तिचा आवाज कणकेच्या गोळ्यासारखा एकसारखा असे. डॉक्टरिणीच्या लग्नात अक्षरशः मांडव कोसळला तेव्हाही तिने त्याच आवाजात सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

"दात काढताना मूळ आत तुटलं तर काय करतेस?" तिने विचारलं.

"आता दातांचं काय मध्येच?"

"सांग तर."

"थांबते. रक्त पुसते. आत काय उरलंय ते बघते."

"आणि तुटलं कसं, का तुटलं, लोक काय म्हणतील?"

"तेव्हा कुठला वेळ असतो त्याला?"

"आत्ता तरी कुठे आहे? मारायची पाळी तुझी आहे. तळ्याचं विमान पडलं, बुडालं, संपलं. टॉवरमध्ये एक विमान नजरेआड झालं की पुढचं घ्यायचं, नाहीतर ते पडतं. आता तू माझं विमान. परवानगी घेतल्याशिवाय काठी उचलायची नाही."

"म्हणजे?"

"परवानगी माग."

डॉक्टरिणीने इकडेतिकडे पाहिलं. जज्जसाहेब कान देऊन ऐकत होते. ती पुटपुटली, "टॉवर, उडायला परवानगी आहे का?"

"ऐकू आलं नाही."

"उडायला परवानगी आहे का?"

"वारा डावीकडून, हलका," ताई अगदी नोकरीतल्या आवाजात म्हणाली. "धावपट्टी मोकळी. उजवीकडे एक न्यायाधीश उभे आहेत, त्यांना टाळा. परवानगी आहे."

डॉक्टरिणीच्या पोटातून हसू उसळलं. ते दाबता दाबता तिने पिशवीतली दुसरी काठी काढून फिरवली. खांदा वळला की पाय, याचा विचार करायला डोक्यात जागाच उरली नव्हती. ठण् असा गोड आवाज झाला, आणि चेंडू मैदानाच्या मधोमध लांबवर जाऊन पडला.

"उड्डाण बिनचूक," ताई म्हणाली.

"हे नियमात बसतं का?" जज्जसाहेबांनी नवऱ्याला विचारलं.

"आमच्या घरात यापेक्षा वाईट चालतं," नवरा म्हणाला.

चौथं बरोबरीत सुटलं. पाचवं नणंद-भावजयीने जिंकलं, सहावंही जिंकलं. दोघींना आता असं काही चढलं होतं की चालताना पाय जमिनीला लागत नव्हते. प्रत्येक फटक्याआधी परवानगी मागितली जाई आणि प्रत्येक वेळी टॉवरकडून नवीन बातमी येई: धावपट्टीवर माळी आहे, हळू उतरा, प्रवाशांनी पट्टे बांधा, वैमानिकाने नाक पुसावं. डॉक्टरिणीला एकदा इतकं हसू आलं की ती गवतात बसली आणि जज्जसाहेबांना त्यांचा फटका दोनदा थांबवावा लागला.

"न्यायालयात असतं तर बाहेर काढलं असतं," ते गुरगुरले.

"म्हणूनच आम्ही बाहेर खेळतो," ताई म्हणाली.

दोघी एका होलने पुढे होत्या. सातव्यावर डॉक्टरिणीने परवानगी मागितली, ताईने दिली, आणि काठी वर नेता नेता डॉक्टरिणीला डोळ्यांसमोर कप दिसला. तो दवाखान्यात ठेवावा की घरी? दवाखान्यातच. फडताळावर, पेशंट आ करून मागे रेलला की बरोबर दिसेल असा. काठी चेंडूच्या निम्म्या अंगाला लागली. चेंडू सरपटत झुडपांत शिरला आणि सातवं होल गेलं.

"कशात होतीस?" ताईने विचारलं.

"कपात."

"घसरलं की ते जसं टाकून द्यायचं, तसं छान जमलं की तेही टाकून द्यायचं. नीट उतरलेलं विमानही उतरलेलंच. त्याच्याभोवती नाचत बसायचं नाही."

डॉक्टरिणीने मान डोलावली. गंमत म्हणजे या खेपेला तिला राग आलाच नाही. होल गेलं होतं, पुन्हा बरोबरी झाली होती, आणि तिला फक्त पुढचा फटका मारायची घाई झाली होती. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्या उतरल्या पुन्हा रांगेत पळायची घाई व्हायची, तशी.

आठव्यावर तमाशा समोरच्यांचा झाला. नवऱ्याचा फटका झाडाला लागून मागे, जिथून मारला त्याच्याही मागे, येऊन पडला.

"मी तुला सांगितलं होतं, उजवीकडे झाड आहे," जज्जसाहेब म्हणाले.

"झाड मलाही दिसतं. माझं चष्म्याचं दुकान आहे."

"मग मारलंस कशाला त्याला?"

पुढच्या प्रत्येक फटक्याला त्या झाडाचा विषय निघाला. हिरवळीवर पोचले तरी झाडच चाललं होतं. नवऱ्याचे कान लाल झाले होते, आणि तो इतका केविलवाणा दिसत होता की डॉक्टरिणीला वाटलं, जाऊन पाठीवर हात ठेवावा.

"दुसऱ्याच्या विमानात बसू नकोस," ताई कानाशी म्हणाली.

आठवं होल बायकांचं झालं. आता नवव्यावर नुसती बरोबरी केली तरी कप त्यांचा.

नवव्याचा पहिला फटका ताईचा होता. ती नेहमीसारखी उभी राहिली, नेहमीसारखी काठी उचलली, आणि चेंडू असा काही तिरका सुटला की गच्चीवरची मंडळी बशा घेऊन खाली वाकली. चेंडू भिंतीला आपटून गवत कापायच्या यंत्रापलीकडे, कण्हेरीच्या झुडपात गेला.

ताईचं तोंड पांढरंफटक पडलं. मग तिने एक शब्द उच्चारला. तो शब्द डॉक्टरिणीने इतक्या वर्षांच्या संसारात सासरच्या कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता.

"ताई!"

"मी घालवलं," ताई म्हणाली. तो कणकेच्या गोळ्यासारखा आवाज पार फुटला होता. "सगळं घालवलं. इतका वेळ तुला शिकवत होते आणि माझ्याच मनात आलं, आपण जिंकतोय. हे मला कसं झालं?"

ताई घाबरू शकते हे डॉक्टरिणीला नवीनच होतं. तिने ताईचे दोन्ही हात हातात घेतले. गार पडले होते. खुर्चीतल्या पेशंटचे असतात तसे.

"टॉवर, ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

"चेष्टा नको गं."

"चेष्टा नाही. आता टॉवर मी. एक विमान कण्हेरीत आहे. वैमानिक, म्हणजे मीच, जिवंत आहे. तुम्ही फक्त पुढच्या फटक्याची तयारी ठेवा. कळलं?"

"कळलं," ताई बारीक आवाजात म्हणाली.

"कळलं, टॉवर."

"कळलं, टॉवर," असं म्हणताना ताईच्या ओठांच्या कडा हलल्या.

डॉक्टरीण झुडपात शिरली. काठी फिरवायला जागाच नव्हती, म्हणून वाकून, एक पाय यंत्रावर टेकवून तिने चेंडू आडवा बाहेर लोटला. शहाणपणाचा फटका होता, दिसायला भिकार. गच्चीवरून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढचा ताईचा. तिने दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि चेंडू हिरवळीच्या पार कडेला नेऊन टाकला. भोक दूर होतं, मध्ये उतार होता. नवरा आणि जज्जसाहेबांचा चेंडू दोनच फटक्यांत भोकाजवळ येऊन पडला होता.

"हा गेला पाहिजे," ताई म्हणाली. "मला बघवणार नाही. मी डोळे मिटते, तू सांग."

"स्वतः मारू आणि स्वतःच सांगू?"

"हो."

डॉक्टरिणीने चेंडू ढकलला. "निघालं," ती म्हणाली. "जरा जास्तच वेगात. उतारावर आलं. डावीकडे चाललंय, डावीकडे, अगं फारच डावीकडे... वळलं. वळलं ताई! भोकाच्या कडेला आहे. थांबलं. नाही. नाही! थांब, ढकलतंय स्वतःला... गेलं! आत गेलं!"

ताई डोळे मिटूनच उड्या मारायला लागली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तोल गेला आणि हिरवळीवर आडव्या झाल्या.

"अजून आमचा फटका आहे," जज्जसाहेब म्हणाले. खरंच होता. तो गेला असता तर होल त्यांचं आणि सामना बरोबरीत. साहेब चेंडूवर वाकले. खूप वेळ वाकून राहिले. मग मान न उचलता नवऱ्याला म्हणाले, "तू त्या झाडाला मारलं नसतंस, तर आज ही वेळ आली नसती," आणि त्यांनी फटका मारला. चेंडू भोकाच्या शेजारून, त्याची चौकशीही न करता, निघून गेला.

कप दोघींनी घेतला. कप देणाऱ्या सेक्रेटरीने तळ्यातली काठी काढायला माणूस पाठवू का म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टरिणीने "बदकांना राहू द्या," असं सांगितलं आणि पुन्हा दोघींची मुरकुंडी वळली.

घरी जाताना नवरा गाडी चालवत होता आणि बोलत होता. "फांदी आडवी आली. सरळ गेला असता तो. वाऱ्याने जरा..." मागच्या सीटवर नणंद-भावजय तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. डॉक्टरिणीच्या पोटात दुखायला लागलं होतं. घराचं वळण आलं, तसं तिने सांगायला तोंड उघडलं, पण हसण्यातून शब्द बाहेर पडेना. तिने ताईला कोपर मारलं. ताईने नुसताच हात उंचावला आणि तीही फुटली. वळण मागे पडलं. पुढे पूल आला, तोही गेला, आणि नवरा अजून झाडाबद्दल सांगत होता. शेवटी शहराबाहेरची पाटी दिसली तेव्हा त्याने गाडी थांबवली.

"आपण कुठे आलोय?" त्याने विचारलं. मागून फक्त हुंदक्यांसारखे आवाज आले. त्याने आरशात पाहिलं. बायकोचं काजळ गालांवर पसरलं होतं, ताई सीटवरून खाली घसरली होती. त्याने पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग पुन्हा आरशात, आणि त्याचेही खांदे हलायला लागले. तिघं बराच वेळ तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडीत हसत बसली.