पिवळा दोरा

"घाल! व्हिडिओत घालतोस ना, मग आमच्यासमोर काय झालं?"

लाँड्रीच्या गिऱ्हाईक असलेल्या बँकेतल्या बाईंच्या भावानं तारेवरचा त्यांचा निळा ड्रेस हिसकला आणि पिल्लूच्या डोक्यावरून खाली ओढला. काखेतली शिवण टरकन फाटली. सोबतच्या दोघांपैकी एकानं पिल्लूचे हात मागे पिरगाळून धरले होते. दुसरा, जाडा, फोन समोर धरून उभा होता. लाँड्रीचं शटर त्यांनी येतानाच अर्ध्यावर ओढलं होतं.

आई इस्त्रीच्या टेबलामागे थिजून उभी होती. पिल्लू तिचं एकुलतं एक लेकरू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. जगाच्या लेखी मुलगा.

"लाइव्ह चालू आहे बरं का," जाडा हसला. "बघा मंडळी, तुमची राणीसाहेब. इथे चड्ड्यांना इस्त्री करते!"

स्क्रीनवर लाल बदाम भराभर वर चढत होते. माणसं बघत होती, आणि त्यांना आवडत होतं.

भावानं ड्रेसचा गळा मागून उलटा केला. "हा दोरा बघ. माझ्या बहिणीच्या एकूण एक कपड्याला असतो. गिरकी घेतलीस, गळा उलटला नि दिसला. तोंड झाकलं की झालं, असं वाटलं होय रे?"

आता कुठे आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कपडे मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येक गिऱ्हाईकाच्या कपड्याला एका रंगाचा टाका घाली. समोरच्या औषधवाल्याचा हिरवा, बँकेतल्या बाईंचा पिवळा. घरच्या कपड्यांना तेवढा दोरा नसे. सुईत दोरा ओवायला पिल्लू शाळेत जायच्या आधी शिकलं होतं. "काही झालं तरी दोरा काढायचा नाही, कपड्याची ओळख जाते," हे तिनंच त्याला बजावलं होतं. व्हिडिओ करताना लेकरानं तोंडाला ओढणी बांधली, भिंतीवर चादर टांगली; दोऱ्याला मात्र हात लावला नाही. शिकवलेलं इतकं इमानानं पाळायचं असतं का, बाळा?

आणि तिला काही ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणावं? डोळ्यांच्या कडांना राहिलेलं काजळ तिला दिसायचं. पोटमाळ्यावर बंद दाराआड वाजणारी गाणी ऐकू यायची. ती आपली समोरच्या कपड्याची सुरकुती मोडत राहायची.

"म्हण," भावानं पिल्लूचा जबडा धरला. "मी मुलगा आहे. बायकांचे कपडे चोरून घालतो. माफ करा."

"ड्रेस न विचारता घातला, त्याची माफी मागते," पिल्लू म्हणालं. "तेवढीच."

"मागते? मागते काय रे!"

ठोसा थेट तोंडावर बसला. पिल्लूचं डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. ओठ फाटून रक्त निळ्या कापडावर ओघळलं. जाडा फोन घेऊन आणखी जवळ सरकला.

"म्हण रे राजा," आईचा आवाज चिरकला. "तोंडदेखलं म्हण. सोडतील ते."

पिल्लूनं तिच्याकडे पाहिलं. मार खाताना कोरडे राहिलेले डोळे तेवढ्यानं भरून आले. त्यानं मान फिरवली.

ठोशानं झालं नसेल तेवढं त्या नजरेनं आईला झालं.

"केस काप याचे," जाडा म्हणाला. भावानं टेबलावरची कात्री उचलली, पिल्लूच्या केसांत मूठ घातली आणि कचकन कापलं. केसांबरोबर कानाची पाळीही कापली गेली. पिल्लू गुरासारखं ओरडलं.

आईनं इस्त्री उचलली. हिसक्यासरशी वायर प्लगमधून सुटली. भावाच्या कात्री धरलेल्या मनगटावर तिनं इस्त्री टेकवली आणि दाबून धरली, जाड जीनवर दाबावी तशी. जळक्या कातडीचा वास दुकानभर पसरला. कात्री खणकन पडली. भाऊ शटरखालून अक्षरशः रांगत बाहेर गेला. हात धरणारा त्याच्या मागे पळाला.

आई फोनकडे वळली. इस्त्री अजून तापलेलीच होती.

"पुढचा कोण?"

जाड्यानं फोन खिशात कोंबला नि धूम ठोकली. समोर रस्त्यावर माणसं गोळा झाली होती, हातांत आपापले फोन धरून. त्यांतला एकटा औषधवालाच कापूस घेऊन आत आला.

दवाखान्यात टाके घालून मायलेकरं परत आली तेव्हा उन्हं कलली होती. थोड्या वेळानं बँकेतल्या बाई आल्या. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"माझ्या भावाच्या हाताला फोड आलेत. आम्ही तक्रार देणार आहोत."

"द्या. मीही देऊन आलेय."

"आणि तो ड्रेस मला परत नको. त्याच्या अंगाला लागलेला. जाळा नाहीतर फेका."

"बरं, बाई."

आईनं ड्रेस गार पाण्यात भिजवला. रक्त बरंचसं गेलं. छातीवर एक पुसट तपकिरी डाग राहिला. वाळल्यावर तिनं काखेतली शिवण घातली आणि इस्त्री फिरवली. मग गळा उलटा करून सुईच्या टोकानं पिवळा दोरा उसवायला घेतला.

कोपऱ्यातल्या गाठोड्यांना टेकून बसलेलं पिल्लू सुजल्या ओठांनी म्हणालं, "दोरा काढतेस? मिसळेल ना कपडा."

"घरच्या कपड्यांना कधी घातलाय मी दोरा?"

तिनं ड्रेस हँगरला लावला आणि तारेच्या शेवटी, स्वतःच्या दोन साड्यांच्या शेजारी अडकवला.