स्वतःच्या घरचा पाळणा

वेत विणणाऱ्या त्या घरात एक रीत होती. पाळणे साऱ्या जगासाठी विणायचे, स्वतःच्या घरासाठी मात्र आधी विणायचा नाही. बाळ घरी आलं, रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं, की मग वेत भिजत घालायचे. तोवर ते लेकरू टोपलीत झोपो नाहीतर कोणाच्या मांडीवर. ही रीत कोणी घालून दिली हे कोणालाच सांगता येत नव्हतं, पण ती मोडायची कोणाची छातीही होत नव्हती.

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारी उपासनेत चार मेणबत्त्यांतली पहिली लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सासूबाईंनी गुडघे टेकून प्रार्थना केली, पदर खोचला आणि कामाच्या खोलीतला मोठा टब पाण्यानं भरून त्यात एकसारख्या जाडीचे वेत निवडून सोडले.

"कोणाचं काम आलं?" नणंदेनं विचारलं. ही त्यांच्या दिवंगत नवऱ्याची थोरली बहीण. खिडकीपाशी बसून खुर्च्यांच्या बैठका विणायची. हात संथ होते, पण तोंडाला विसावा म्हणून नव्हता.

"आपल्याच घरचं, वन्सं."

नणंदेच्या हातातला वेत तसाच राहिला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सुनेला आठवा सरून नववा लागेल आता. दोनदा मूल गेलं, पोळलंय ते पोर. आणि तू पाळणा मांडून बसतेस?"

"दोन्ही वेळा आपण काडीसुद्धा विणली नव्हती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हात आवरून धरले, त्यानं काय वाचलं?"

आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या हळू बोलल्या की त्यांचं ठरलेलं असतं, हे नणंदेला इतक्या वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं.

सूनबाईनं दारातून सगळं ऐकलं. पोटावर हात ठेवून आत निघून गेली.

सासूबाईंचा नेम सुरू झाला. रोज सकाळी प्रार्थना, मग पाळण्याचे थोडे फेरे, आणि त्यानंतरच चहाचा घोट. तळ विणून झाला, उभे वेत वर वळले, भिंती चढू लागल्या. त्यांच्या धंद्यात भिजत घोंगडं चालत नाही. वेत एकदा पाण्यात घातला की ओला आहे तोवर विणायचा. विणायचं राहिलं तर उभ्या वेतांवर रोज पाणी मारावं लागतं, वरून ओलं फडकं लागतं. वाळलेला वेत वाकवायला जावं तर काडकन तुटतो.

एका सकाळी त्या खोलीत आल्या तेव्हा टब कोरडा होता. बूच काढून खिडकीत ठेवलेलं, फडकं दोरीवर वाळत घातलेलं. त्यांनी पाळण्याचा एक उभा वेत हलकेच वाकवून पाहिला. तो तडकला.

नणंद मागून आलीच. "बघ. खूण आहे ही. देवानंच पाणी आटवलं."

"देव बूच काढून खिडकीत ठेवत नाही हो, वन्सं."

नणंदेला हसू आलं आणि ते लपवायला तिला खोकावं लागलं. सासूबाईंनी नळ सोडला. मोडका वेत उपसून काढला, त्या जागी नवा खुपसला, आणि उरलेल्या वेतांवर ओलं फडकं पुन्हा पांघरलं. कोणी केलं असेल ते त्यांना विचारायचं नव्हतं. विचारावं लागलंही नाही.

"मी केलं," सूनबाई दारात उभी होती. रडून डोळे सुजलेले. "आई, तुम्ही रागवा माझ्यावर. पण मला तो पाळणा बघवत नाही. तो पुरा झाला आणि बाळ आलंच नाही, तर? मी काय करू त्या पाळण्याचं?"

"बस आधी," सासूबाईंनी स्टूल पुढे केलं. "असं झालं तर आपण दोघी त्याच्यापाशी बसून रडू. देवाच्या पायाशीच रडू, दुसरीकडे कुठे जायचं? बाळ येणारच, असा शब्द मला देवानं दिलेला नाही. खोटं कशाला बोलू? पण तो आपला हात सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दोन्ही वेळी मी ते पाहिलंय. तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस, तरी उठलीस. ते बळ माझं नव्हतं, अन् तुझंही नव्हतं."

सूनबाईनं पदरानं डोळे पुसले.

"प्रभू येणार म्हणून आपण मेणबत्ती लावतो," सासूबाई म्हणाल्या. "अंधार गेल्यावर नाही लावत. वाट बघायची तर घर आवरून बघावी, ग. भीतीनं कुलूप लावून नाही."

"आणि मला भीती वाटली तर?"

"वाटू दे की. तिला म्हणावं, बस त्या कोपऱ्यात. कामात लुडबुडू नकोस."

त्या दिवशी सूनबाई तेवढाच वेळ थांबली. पण टबाचं बूच जागेवर राहिलं.

चौथी मेणबत्ती लागली तेव्हा फक्त काठ राहिला होता. पाळण्याचा काठ एकटीनं वळवता येत नाही. एकीनं उभे वेत दाबून धरायचे, दुसरीनं ते एकाखालून एक घालत न्यायचे. धरणारीचा हात सुटला की सगळं उसवतं. सासूबाईंनी नणंदेकडे पाहिलं.

"मी नाही बाई हात लावायची," नणंद म्हणाली. "मला नको ओढू या उद्योगात."

"मी धरते," सूनबाई म्हणाली.

ती जड अंगानं पाळण्याशी टेकली आणि वेत दोन्ही हातांनी दाबून धरले. पहिले काही वेत गेले. मग तिच्याच तोंडून सवयीनं निघालं, "आई, हा सैल जातोय, परत घ्या." सासूबाईंनी निमूट परत घेतला. काठावर सुनेचीच नजर चोख होती, हे त्या कधीचंच मान्य करून बसल्या होत्या. दुपारपर्यंत काठ मिटला. निघालेली टोकं सूनबाईनं स्वतः चाकूनं छाटली आणि पाळणा उचलून आपल्या पलंगाशेजारी नेऊन ठेवायला सांगितला.

नाताळ तोंडावर आला असताना सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा रिक्षा घेऊन आला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला. सासूबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवून थोडक्यात प्रार्थना केली. कळ ओसरेपर्यंत सूनबाई दाराची चौकट धरून उभी राहिली, मग वळून खिडकीपाशी बसलेल्या नणंदेला म्हणाली,

"आत्याबाई, पाळण्याची गादी तेवढी भरून ठेवा. आम्ही परत आल्यावर कोणाला सवड मिळायची नाही."

नणंदेनं हातातली बैठक बाजूला ठेवली. मग ती उठून कपाटाकडे गेली.

"जाता जाता एवढं सांगून जा," ती आतून म्हणाली, "कापूस मऊ घालू की जरा घट्ट?"